तसनीमचा टीव्ही

अल हिलाल, दोहा
१ फेब्रुवारी २००२, शुक्रवार

अम्मी,

रात्री मी झोपले नाही. पहाटेची अजान झाली तेव्हा जागीच होते. कारण सांगते. काल टीव्हीच्या दुकानात जे झालं ते डोळ्यांसमोरून जात नाही. माझी तब्येत बरी आहे, घाबरू नकोस. सलाम लिहायचा राहिला, तो घे.

तसनीमच्या लग्नात द्यायचा टीव्ही आत्ताच घ्यायचा असं ह्यांचं ठरलं. लग्न मेमध्ये, पण बोटीने सामान जायला दीड महिना लागतो. त्याच्या आधी महिनाभर इथे घरी चालवून बघायचा, बिघाड निघाला तर इथे बदलून मिळेल, साखरतरला कोण बदलून देणार, असं हे म्हणतात. म्हणून काल ड्युटी सुटल्यावर गेलो. ह्यांचा दोस्त सुफियान पण होता. तो सारखा म्हणे, "हाफिज, बहिणीचं लग्न एकदाच होतं. एकवीस इंची घेतलास तर दाभोळवाले हसतील. एकोणतीसच घे."

दुकानात भिंतभर टीव्ही. पन्नास असतील. सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. सुफियान म्हणाला, "एवढा मासा आपल्या खाडीत पण नाही, ह्याचा भाव काय?" दुकानातला पोरगा मलबारी, त्याला कळलं नाही. तो आपला हिंदीत चित्राचं सांगत होता. ह्यांनी चित्राचं काही विचारलं नाही. आवाज दाखव म्हणाले. त्याने दाखवलान. हे म्हणाले, और. मग म्हणाले, फुल करो.

अम्मी, माझ्या छातीत धडधडलं इतका आवाज. एक बाई होती, तिने दोन्ही कानांवर हात ठेवलेन. तिची पोरगी रडायला लागली. सुफियान शिवी देऊन मागे सरला. अमान माझ्या खांद्यावर होता, चांगला जागा होता. तो एका टीव्हीला लावलेला कागद पंख्याने हलत होता तो बघत होता. तो कागदच बघत राहिला.

हे टीव्हीकडे बघतच नव्हते. आमच्याकडे बघत होते. मला वाटलं, पसंत आहे का विचारतात. मी मान हलवली. हे म्हणाले, हाच द्या.

घरी आल्यावर हे आंघोळीला गेले तेव्हा मी अमानच्या पाठीमागे स्टीलचं ताट टाकलं. त्याने मागे बघितलं नाही. परत टाकलं. तिसऱ्यांदा ताट घरंगळत त्याच्या पायाला लागलं तेव्हा त्याने बघितलंन आणि हसला.

अम्मी, मागच्या वर्षी त्याला ताप भरलेला. आठ दिवस सुया टोचल्या. त्याच्या आधी तू कोंबड्यांना हाका मारायचीस तर तो मान वळवायचा. तापाच्या नंतर वळवायचा का? मला आठवत नाही. मी आई आहे आणि मला आठवत नाही. आम्ही नोव्हेंबरात इकडे आलो तोपर्यंत तो तुझ्याच मांडीवर असायचा. तुला आठवत असेल. खरं ते लिही.

तसनीम पत्र वाचून दाखवेल तेव्हा हे हळू वाचायला सांग. तिच्या आईच्या कानावर आत्ता नको. तसनीमला म्हणावं, टीव्ही चांगला आहे, एकोणतीस इंची.

तुझी बिलकिस


साखरतर
ता. २० फेब्रुवारी २००२

७८६

चि. बिलकिसला अम्मीकडून अनेक दुवा.

तुझे पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. आमची सर्वांची प्रकृती उत्तम आहे. शनिवारी बकरी ईद आहे, त्या गडबडीत आहोत. तुझी आठवण येते.

तसनीमच्या लग्नाची तारीख १९ मे नक्की झाली. दाभोळची माणसे फार चिकित्सक आहेत. मुलाची आई दोन वेळा येऊन घर बघून गेली. कोण कुठे असतो, कोणाला किती मुले, कोण कशाने वारले, सर्व विचारले. पण तसनीमची चहाची पद्धत त्यांना आवडली.

टीव्ही २९ इंची घेतला हे फार चांगले केले. त्याचा पडदा सपाट आहे की फुगीर ते कळव. रंग काळा की चंदेरी? दाभोळला शेजाऱ्यांकडे चंदेरी आहे. जावयांना सांग की स्टॅबिलायझर इथे मिळतो, तो आणू नये.

अमानला गोड पापे. त्याला सांभाळ. मन शांत ठेव.

तुझी अम्मी
(लिहिणार तसनीम. भाभी, माझाही सलाम.)


अल हिलाल, दोहा
८ मार्च २००२

अम्मी,

तुझं पत्र आलं. चार वेळा वाचलं. मी विचारलेलं त्याचं उत्तर कुठे दिसलं नाही. ईदच्या गडबडीत राहिलं असेल. परत विचारते. तापाच्या नंतर अमान हाकेला मान वळवायचा का?

टीव्ही घरी आहे. चंदेरी आहे, पडदा सपाट आहे, तसनीमला सांग. दोन्ही बाजूंना कानासारखे स्पीकर आहेत. आमची खोली म्हणजे काय, पलंग टाकला की संपली. टीव्ही आला तशी ती पण नाही राहिली. खोका हे टाकू देत नाहीत, थर्माकोल पण नाही. खोका पलंगावर आणि आम्ही खाली. रिमोटला प्लॅस्टिक बांधलंनी, दुसऱ्याची वस्तू आहे म्हणून. पुढच्या आठवड्यात बोटीला द्यायचा.

अमानला टीव्ही फार आवडतो. हे लावतात तेव्हा तो धावत जातो. चित्र बघत नाही. बाजूच्या स्पीकरवर दोन्ही हात ठेवतो, पंजे पसरून, आणि हसतो. दोरीवर चिमट्यात कपडा हलतो तसं त्याचं अंग हलतं. हे म्हणतात, "बघ, गाणं ऐकतो. उगाच काहीतरी डोक्यात घेतेस." पहिल्या दिवशी मला पण वाटलं. मी दोन रकात नमाज पढले.

मग हे ड्युटीला गेल्यावर मी लावून बघितला. गाणं चालू ठेवलं आणि आवाज बंद केला. अमानने हात काढून घेतलेन आणि तो खेळायला गेला. परत आवाज दिला. त्याची पाठ होती. आला नाही. मी त्याचा हात धरून स्पीकरवर ठेवला तेव्हा हसला.

त्याच्या हाताला कळतं, अम्मी.

आमच्या घरावरून विमानं जातात, विमानतळ इथेच आहे. कपबशा वाजतात. गच्चीत कपडे वाळत घालताना अमान खाली बसलेला असतो. विमान येतं तेव्हा बघत नाही. सावली अंगावरून गेली की वर बघतो.

हे रोज आल्या आल्या टीव्ही लावतात आणि आवाज वाढवत नेतात. वरती नाशिकची नीताताई राहते, तिचा नवरा शशिकांत विमानतळावर कामाला आहे. तिने एक दिवस वरून काठी आपटलीन. ह्यांना बहिणीच्या टीव्हीची एवढी हौस आहे हे मला माहीत नव्हतं.

ह्यांना मी अजून काही बोलले नाही. बोलले की ते खरं होईल.

मला उत्तर पाठव. दुसरं काही लिहू नकोस, तेवढंच लिही.

बिलकिस


साखरतर
ता. २५ मार्च २००२

७८६

चि. बिलकिसला अम्मीकडून अनेक दुवा.

तुझे पत्र मिळाले. टीव्ही चंदेरी आहे हे वाचून सर्वांना आनंद झाला. बोटीला देताना खोक्यावर नाव मोठ्या अक्षरात लिहायला सांग. गेल्या वर्षी एकाचा फ्रीज कोचीनला उतरला.

लहान मुले उशिरा बोलतात. त्यात काळजी करण्यासारखे काही नसते. भाईजान तर चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आता बघ किती बोलतो. मन भलतीकडे नेऊ नये.

आणि असल्या गोष्टी पत्रात लिहू नयेत. पत्र दहा हातांतून जाते. पोस्टमन आधी चौकात बसतो, कोणाचे पत्र आले ते सांगतो. लग्नाच्या घरात शब्द जपून वापरावा लागतो.

कोकम सुफियानच्या हाती पाठवले आहे. तो रजेवर आला आहे, पुढच्या आठवड्यात परत येईल.

तुझी अम्मी
(लिहिणार तसनीम.)


अल हिलाल, दोहा
९ एप्रिल २००२

अम्मी,

सुफियान काल आला. कोकम मिळालं, सोडे पण मिळाले. बसला, चहा मागितलान. म्हणाला, "भाभी, तुमची अम्मी तुमच्यावर नाराज आहे."

मी म्हटलं, "कशाला?"

"म्हणते, पोरगी टीव्हीचं पानभर लिहिते, नातवाचं एक अक्षर नाही. दात किती आले तेवढं तरी कळव म्हणावं."

मी म्हटलं, "असं कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली. ओटीवर बसून. मला सोडे बांधून दिले तेव्हा."

मी चहा दिला. साखर घातली नव्हती. त्याने तसाच प्यालान.

तो गेल्यावर तुझी पत्रं काढली. दोन्ही जवळ ठेवली. तू प्रकृती म्हणत नाहीस. तू म्हणतेस, जीव बरा आहे ना. तू ह्यांना भाईजान कशी म्हणशील? तू सासू आहेस. ह्यांना भाईजान एकच माणूस म्हणतं.

म्हणून तुला एक विचारते. मी लहान असताना खाडीत बुडत होते तेव्हा मला कुणी काढलंन आणि कसं? हे घरातल्यांनाच माहीत आहे. त्याचं उत्तर पत्रात लिही. म्हणजे मला कळेल की पत्र तुझ्या कानापर्यंत आलं.

बाकीचं पण सांगते, ऐकलंस तर ऐक. नीताताईने परत काठी आपटलीन, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः खाली आली, भांडायला. अमानला बघून बसली. त्याच्याशी खेळली. मग मला म्हणाली, "ह्याला दाखवलंस का कुठे?" तेवढंच. मी रडले नाही. मी म्हटलं, नाही.

तिने मला तिच्या ओळखीच्या डॉक्टरबाईकडे नेलंन, आपल्याच देशातली आहे. माझा व्हिजिट व्हिसा आहे, सरकारी दवाखान्याचं कार्ड नाही. बाईने पैसे घेतले नाहीत. तिने अमानच्या मागे घंटी वाजवलीन, मग डबा, मग आणखी काहीतरी. अमान तिच्या टेबलावरचं फिरणारं पंख्याचं खेळणं बघत होता. बाई इंग्रजीत बोलली, नीताताईने मला सांगितलंन. मुंबईला मशीनवर तपासणी होते, पोराला झोपवून. नक्की काय ते त्यात कळतं. काही पोरांना कानाला यंत्र लावून बोलायला येतं. पण लवकर. दोन वर्षांचा व्हायच्या आधी गेलात तर बरं, मग दर महिना वाया जातो.

तो जुलैत दोन वर्षांचा होतो.

तिने चिठ्ठी दिलीन. मी निडोच्या डब्यात ठेवली आहे, दुधाच्या पावडरीखाली.

टीव्ही गेला. खोक्यावर नाव मोठं लिहिलं. जागा मोकळी झाली तर अमान त्या जागेवर जाऊन भिंतीला हात लावून बघतो.

तसनीम, हे तू वाचत असशील तर खाडीचं तेवढं तरी मोठ्याने वाच.

बिलकिस


साखरतर
२२ एप्रिल २००२

भाभी,

हे मीच लिहिते आहे, तसनीम. खाला आत तांदूळ निवडत आहेत. त्यांना वाटतंय मी त्यांचंच पत्र लिहिते आहे.

खाडीचं मी विचारलं. का विचारते ते सांगितलं नाही. खाला म्हणाल्या, तिच्या कमालभाईने काढलंन, तो नऊ वर्षांचा होता, केसाला धरून ओढलंन, मूठभर केस त्याच्या हातात राहिले. सांगताना त्या हसल्या आणि मग डोळे पुसले. म्हणाल्या, दोघं पण लांब गेली.

तुझी पत्रं मी सगळी वाचून दाखवली नाहीत. अमानचं येतं ती पानं मी उलटते. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, एवढं जाड पत्र आणि एवढंच लिहिलंन? मी म्हटलं, खाला, तिचं अक्षर मोठं आहे.

तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण माझं पण ऐक. पावस गावची सोयरीक मोडली ती तुला माहीत आहे, तेव्हा तू नुकतीच आमच्या घरात आली होतीस. का मोडली ते तुला सांगितलं नव्हतं. कोणीतरी त्यांना सांगितलं की आमच्या चुलत आत्याला फिट यायच्या. ती आत्या मी बघितलेली पण नाही. मी तेव्हा एकवीसची होते. आता चोवीसची आहे. दाभोळवालीने घरात शिरल्यापासून नातेवाईक मोजले. अमानचा फोटो भिंतीवर होता, तो उतरवून हातात घेतला. म्हणाली, मुलगा गोड आहे, बोलतो का? मी म्हटलं, खूप बोलतो.

खालांना सांगितलं तर त्या दाबून ठेवू शकणार नाहीत. त्या विहिरीवर रडतील. संध्याकाळी दाभोळला कळेल.

१९ तारीख होऊ दे. महिन्याचा तर प्रश्न आहे. २० तारखेला मी स्वतः तुझ्याबरोबर येते, आपण अमानला रत्नागिरीला नेऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू. पत्रं सगळी ठेवली आहेत माझ्या ट्रंकेत. एक पण फाडलं नाही.

भाईजानला हे सांगू नकोस.

तसनीम


अल हिलाल, दोहा
३ मे २००२, शुक्रवार

अम्मीच्या पत्त्यावर.

हे पत्र उद्या एक माणूस घेऊन निघतोय, तो सोमवारपर्यंत अम्मीच्या हातात देईल. पोस्टाने गेलं असतं तर आमच्या मागून पोचलं असतं.

कोण वाचतंय मला माहीत नाही. तसनीमला आता घराबाहेर सोडत नसतील, पंधरा दिवसांवर लग्न आलं. मग अम्मी शेजारच्या उल्काला बोलवेल, नाहीतर शाळेतल्या कुठल्या पोराला. नाहीतर पोस्टमनला. कोणी पण असाल. आधी तुम्ही मनात वाचा.

परवा तसनीमचं पत्र आलं. रात्री मी ह्यांना सांगितलं. हे बूट काढत होते. मी म्हटलं, "अमानला ऐकू येत नाही."

हे म्हणाले, "माहीत आहे."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"दुकानात आवाज फुल करायला कुणी लावलंन?"

मी बूट उचलून दाराशी ठेवला. हे म्हणाले, "मला आधीच वाटत होतं. म्हटलं, एवढ्या आवाजाला तरी वळेल. माझ्या समोर होता. तो हलणारा कागद बघत राहिला." मग दुसरा बूट काढलानी. "म्हणून तो स्पीकरवाला घेतला. म्हटलं महिनाभर घरात आहे, एक दिवस तरी मान वळवेल."

म्हणजे दिवसा मी बघत होते आणि संध्याकाळी हे बघत होते. एका खोलीत.

मी म्हटलं, डॉक्टरबाईने चिठ्ठी दिली आहे. मुंबईलाच उतरतोय, तसंच घेऊन जाऊ. हे म्हणाले, "तसनीमचं होऊ दे. दाभोळपर्यंत ही गोष्ट गेली तर ती घरात बसेल कायमची. तिच्या डोळ्यांत बघून मी काय सांगू?" मी म्हटलं, लग्न झाल्यावर? हे म्हणाले, "माझी रजा एकतीसला संपते. तुम्ही गावाला राहा. तुझा व्हिसा पण खलास होतोय. पावसाळा झाला की कोणीतरी नेईल." मी म्हटलं, कोण नेईल? हे म्हणाले, "इन्शाल्ला कोणीतरी नेईल." मग म्हणाले, "वाढ."

मी वाढलं. हे जेवले. भात परत मागितलानी.

हे वाईट नाहीत. अमानला रोज पोटावर घेऊन झोपवतात. पोटातून गुणगुणतात, तो कान लावून पडतो, म्हणजे छाती लावून. पण हे नेणार नाहीत. मला कळलंय. पावसाळ्यानंतर म्हणतील रमजान. रमजाननंतर म्हणतील रजा नाही. मी गावाला असेन, सासूबाई म्हणतील, आमचा हाफिज पण उशिराच बोलला. मला मुंबईचा रस्ता माहीत नाही. इंग्रजी चिठ्ठी मला वाचता येत नाही. मी सातवीपर्यंत शिकले.

तसनीम, जर तूच वाचत असशील तर तुला सांगते. मला तुझा राग यायला पाहिजे होता. येत नाही, काहीच येत नाही. तू २० तारखेला माझ्याबरोबर येते म्हणालीस. २० तारखेला तू दाभोळला असशील, हाताला मेंदी असेल, तुला कोण सोडेल? तुला पण माहीत आहे. मी दाभोळच्या कोणाला सांगणार नाही, हॉलमध्ये अमानला मांडीवर घेऊन बसेन, कोणी हाक मारली तर त्याला हळूच वळवीन. तेवढं मला येतं आता. पण आधी मुंबई.

तुझा टीव्ही आला असेल, नाहीतर येईल. खोका उघडशील तेव्हा डाव्या स्पीकरवर बघ. अमानच्या हाताचे डाग आहेत, तेलाचे. हे पुसायला सांगत होते. मी पुसले नाहीत.

आता काम सांगते. जो कोणी वाचतोय त्याला.

आम्ही ११ तारखेला, शनिवारी, पहाटे पाच वाजता मुंबईला उतरतो. दोह्याचं विमान. ह्यांनी गाडी सांगितली आहे, विमानतळावरून सरळ साखरतर. माझा भाऊ कमाल मुंबईला मस्जिद बंदरला राहतो. त्याच्या खोलीखाली खजूरवाल्याचं दुकान आहे, तिथे फोन आहे. नंबर माझ्याकडे नाही. ह्यांना विचारला तर म्हणाले कशाला, मग मी परत विचारला नाही. नंबर अम्मीच्या कपाटाच्या दाराला आतून लिहिलेला आहे, लाल पेन्सिलीने, रेशनकार्डाच्या पिशवीमागे. पिशवी बाजूला केली की दिसतो. दुकानवाल्याला म्हणा, वरच्या कमालला बोलवा, साखरतरहून आहे.

कमालभाईला एवढं सांगा. ११ तारखेला पहाटे विमानतळावर ये, माणसं बाहेर येतात तिथे उभा राहा. ह्यांच्याशी भांडू नको. काही बोलू नको. फक्त अमानला हातात घे. हे कोणाच्या पण हातात देतात त्याला, आपल्या माणसाच्या तर देतीलच. तू त्याला घेतलंस की चालायला लाग, मी मागून येईन. मी थांबणार नाही. चिठ्ठी निडोच्या डब्यात आहे, डबा माझ्या हातात असेल. मशीनवर तपासणी कुठे होते ते तू आधी विचारून ठेव. त्याला सांगा, बिलकिस म्हणते, केसाला धरून ओढलंस तरी चालेल.

अम्मीला हे नंतर वाचून दाखवा. ती विचारेल, काय लिहिलंन, गप्प का बसलात. तिला सांगा, दात बारा आले.

हात जोडून सांगते. जो कोणी हे वाचत असाल, हा कागद घडी करून ठेवा, कपाट उघडा, नंबर लिहून घ्या, चपला घाला आणि आधी बूथवर जाऊन माझ्या भावाला फोन करा.